दहापैकी दोन
बिबवेवाडीतल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धाआधी हुकूमशहाला चुचकारण्याचं जे धोरण ठेवलं गेलं, तो भाग आला की माझा आवाज चढतोच. बड्या देशांनी एका लहान देशाचा लचका तोडून त्याच्या पुढ्यात टाकला आणि त्या देशाला बैठकीला बोलावलंसुद्धा नाही! वर त्यांच्या पंतप्रधानांनी मायदेशी परतून शांतता आणल्याच्या टाळ्या घेतल्या. दरवर्षी सांगते आणि दरवर्षी संतापते.

तीन वर्षांपूर्वी परीक्षेत मी प्रश्न घातला, "सरकार युद्धाऐवजी असं धोरण का निवडतं?" धायरीहून येणाऱ्या एका मुलीनं लिहिलं होतं : आधीच्या युद्धात घरोघरची माणसं गेली होती, सैन्याची तयारी नव्हती, लोकांना पुन्हा युद्ध नको होतं. सरकार भित्रं नव्हतं, थकलेलं होतं.

थकलेलं! मी दहापैकी दोन गुण दिले आणि शेरा मारला, 'भित्रेपणाची वकिली.'

दोन दिवसांनी तिचे वडील आले. निवृत्त सुभेदार, एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"मॅडम, हिचं चुकलं कुठं?"

"अहो, तो हुकूमशहा थांबला का पण? सहा महिन्यांत उरलेला देशही गिळला त्यानं!"

"नाहीच थांबला. मला विचाराल तर तेव्हाच लढायला हवं होतं. पण तुम्ही 'का निवडतं' विचारलंय. 'बरोबर केलं का' असं कुठं विचारलंय?"

मी प्रश्नपत्रिका पुन्हा वाचली. ते बरोबर बोलत होते.

"लढा म्हणणाऱ्यांचा मला राग नाही," ते म्हणाले, "किती पटकन म्हणतात, त्याचा येतो."

मी आठ गुण केले. दुसऱ्या दिवशी वर्गात माझी चूक कबूल केली आणि त्या मुलीला उत्तर वाचायला लावलं. वाचून झाल्यावर ती खाली बसेना.

"मॅम, ही सगळी कारणं खरी आहेत. पण थकले हे होते आणि जमीन दिली दुसऱ्याची. स्वतःची दिली असती का?"

इतकी वर्षं घसा फोडून जे मला नेमकं मांडता आलं नव्हतं, ते तिनं शांतपणे मांडलं होतं. माझा संताप मात्र तसूभरही कमी झाला नाही.