मारोतरावांचं टपाली मत

पांढरकवड्याचे मारोतराव भाड्याची जीप चालवतात आणि चालवता चालवता देशही चालवतात. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर असा ढाबा नसेल, जिथं चहाच्या एका कपात त्यांनी सरकार पाडलं नाही. मत मात्र आजवर कधी दिलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी गाडी नेमकी आदिलाबादला असायची.

यंदा लेक सुरभी पहिल्यांदा मत देणार होती. जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुमी मत देत नाही, मंग पुढाऱ्यायले शिव्या कोन्त्या हक्कानं देता?"

पोटच्या पोरीनं तोंड बंद केलं, हे मारोतरावांना फार लागलं. यंदा मत द्यायचंच! टपालानंही देता येतं असं कानावर आलं, म्हणून ते कचेरीत गेले. तिथला बाबू मोठा तत्पर. मान वर न करताच चौकशी करत होता.

"पंच्याऐंशी पूर्ण?"

"पन्नास."

"दिव्यांग?"

"हातपाय धड हायेत, साहेब."

"फौजेत? निवडणूक ड्युटीवर?"

"जीप चालवतो."

"मग नाही बसत तुम्ही."

धडधाकट राहून पोटासाठी फिरायचं, वर मतही द्यायचं, म्हणजे जरा अतीच झालं. मारोतरावांनी मतदानाच्या दिवसाचं भाडंच सोडून दिलं. लोकशाहीला हे कळलं असावं. आदल्याच दिवशी चौकात पोलिसांनी जीप अडवली आणि ड्रायव्हरसकट निवडणुकीच्या कामाला लावली. नेमणूक मारेगावकडे, दुसऱ्या मतदारसंघात.

मारोतराव तडक बाबूकडे गेले. "आता तं मी ड्युटीवर हावो!"

"मग आता तुम्ही पात्र आहात," बाबू म्हणाला. "फक्त अर्जाची मुदत मागच्या आठवड्यात संपली."

"तवा तुमी गाडी कुठं पकडली होती?"

"तेव्हा तुम्ही पात्र नव्हता."

एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही, तो मत काय देणार म्हणा!

दुसऱ्या दिवशी मारोतराव शाळेसमोर जीपमध्ये बसून लोकांची रांग बघत राहिले. बोटाला शाई लावून येणाऱ्या प्रत्येकाचा त्यांना हेवा वाटत होता. संध्याकाळी मतदानयंत्रं घेऊन अधिकारी आणि पोलीस जीपमध्ये चढले. तेवढ्यात सुरभीचा फोन आला.

"बाबा, मी देलं मत! तुमी?"

मारोतरावांनी मागच्या सीटवरच्या सीलबंद पेट्यांकडे पाहिलं.

"साऱ्या गावाचे मतं मायाच गाडीत हायेत, बाई," ते म्हणाले. "माहं तेवढं नाही."