दिगूचं चौथं ताट

सांगू की नको, यातच माझा चहा निवला बघा. पण तुम्ही घरचेच, आणि फजिती झाकून ठेवली की आतल्या आत आंबते. फक्त मुकुंदाच्या बायकोपर्यंत यातलं अक्षर जायला नको, एवढं पाळा. का, ते पुढं कळेलच.

आमचा दिगंबर गेला त्याला वर्ष झालं. दिगू, मुकुंदा आणि मी एकाच सरकारी ऑफिसात चिकटलेले, तीस वर्षं एकाच टेबलावर डबा उघडलेला. वर्षश्राद्ध दौलताबादला, त्यांच्या मळ्यात होतं. कावळ्यासाठी चिंचेखाली पान ठेवलं आणि आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. कावळे काय कमी होते? फांदीवर ओळीनं बसले होते. पण एक खाली उतरेना, एक ओरडेना.

आता कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी मनात राहिलंय, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मग एकेक जण पुढं होऊन कबूल करायला लागला. दिगूची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, पोरीचं लग्न थाटात करीन. मुकुंदा म्हणाला, विहिरीचं अर्धं राहिलेलं काम मी बघतो. कावळे ढिम्म.

दिगूच्या मनात काय राहिलं असणार, ते मला मात्र पक्कं ठाऊक होतं.

खूप वर्षांपूर्वी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, तिकडं लांब सोयगावला एक माणूस पाठवायचाय, तू जातोस की दिगंबरला पाठवू? मी डोळ्याची पापणी न लवू देता म्हणालो, साहेब, दिगूला तिकडची हवा मानवते. झालं! दिगू तीन वर्षं सोयगावला. त्याला एसटीत बसवून द्यायला मीच गेलो होतो आणि रडलोही होतो. खोटं कशाला बोलू, ते रडू खरं होतं. पण केबिनमधलं बोलणं मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

ते चिंचेखाली, चारचौघांत, वहिनींसमोर कसं सांगणार? मग सुचेल ते बोललो. आजारपणात दिगूनं पेपरात वाचलं होतं की जालना रोडवर मोठं ग्रीक हॉटेल निघतंय. बरा झालो की जाऊ, म्हणाला होता. मी हात जोडून म्हटलं, "दिगू, तुला त्या ग्रीक हॉटेलात नेतो."

आणि एक कावळा सरळ खाली आला. त्यानं एक घास उचलला, मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं आणि उडून गेला. एकच घास, बाकी पान तसंच. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मला तो काही सोडवेना.

शब्द दिला म्हणजे पाळायला हवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी, मुकुंदा आणि मी त्या हॉटेलात. आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकलो. पांढऱ्याफटक भिंती, निळी दारं, दिवे जवळजवळ नाहीतच, टेबलावर एक मेणबत्ती. आणि भिंतीवर, खांबांवर, छताला, जिकडं बघावं तिकडं निळ्या काचेचे डोळे टांगलेले. दृष्ट लागू नये म्हणून असतात म्हणे. पण ते सगळे माझ्याकडंच का बघत होते, ते सांगा.

वहिनींनी टेबल चौघांचं घेतलं होतं. चौथी खुर्ची दिगूची, मुकुंदाच्या शेजारी, माझ्या बरोब्बर समोर. वेटर वयस्क माणूस होता, त्यानं अदबीनं विचारलं, "साब, वो चौथे साब कब आ रैं?"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आ गए. बैठे हैं."

वेटरनं रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चौथं ताट मांडून दोन पावलं मागं मागंच सरकला. त्यानंतर तो आमच्या टेबलाजवळ काही लागल्याशिवाय आला नाही.

दिगूला घोटभर घ्यायला आवडायची म्हणून त्याच्यासाठी तिथली ग्रीक दारूही मागवली. पाण्यासारखी स्वच्छ, बडीशेपेचा वास. वेटरनं लांबूनच हात पुढं करून त्यात पाणी ओतलं आणि कुणी ढवळलं नाही, काही नाही, ग्लासातलं सगळं दुधासारखं पांढरं झालं. ती दारूच तशी, हे मागाहून कळलं; त्या वेळी वहिनींनी हात जोडले. मी खुर्चीचा दांडा धरला.

मग जेवण आलं. मुकुंदा संध्या करणारा, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य. त्याच्यासाठी पालक आणि चीज भरलेली, पापुद्र्यांची करंजी. आम्हा दोघांना भाजलेलं मटण, लिंबातले बटाटे. वहिनींनी आधी दिगूच्या ताटात मटणाचे पाच तुकडे वाढले, मग आम्ही जेवायला लागलो.

दोन घास खाल्ले आणि सहज समोर बघितलं. ताटात चार तुकडे होते.

म्हटलं, आपली मोजण्यात चूक झाली असेल. मान खाली घातली, बटाटा खाल्ला, वर बघितलं. तीन! वारा नाही, माणूस नाही, मांजर नाही. मेणबत्तीची ज्योत तेवढी एकदा वाकली. वहिनी डोळे मिटून बसलेल्या, मुकुंदा खाली मान घालून आपली करंजी चिवडतोय. समोर खुर्ची रिकामी आणि तिच्यामागच्या भिंतीवर एक मोठा निळा डोळा.

मी आता नजर हलवायचीच नाही असं ठरवलं. पण कुठंतरी भांडं पडलं, माझी मान वळली, परत फिरली, आणि ताटात दोन.

मला समजलं. हॉटेलवर भागलं नव्हतं. तो माझ्या तोंडून ऐकायला आला होता, आणि तुकडे संपेपर्यंतच मला मुदत होती. वहिनी आयुष्यभर तोंड बघणार नाहीत, हे दिसत होतं. पण तो शेवटचा तुकडा गेल्यावर काय होईल, ते त्याहून भयंकर होतं. मी उभा राहिलो आणि रिकाम्या खुर्चीला हात जोडून, सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दिगू, तुझी सोयगावची बदली मीच करवली. साहेबांना मीच तुझं नाव दिलं. चुकलो मी, माफ कर!"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. आणि तेवढ्यात मुकुंदाला जोरात ठसका लागला. वेटर धावला, त्यानं पाठीत दोन दणके घातले, आणि मुकुंदाच्या तोंडातून मटणाचा अख्खा तुकडा टेबलावर येऊन पडला.

त्याचे कान लाल झाले. खाली बघत पुटपुटला, "माझ्या पानात मी आजवर कधी घेतलं नाही. नेहमी दिगूच्याच पानातलं खायचो. तीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप गेला."

मी मटकन खाली बसलो. भूत नव्हतं, पण बोललेलं तर बोलून गेलं होतं. वहिनींकडं बघायचं धाडस होईना. त्या निवांत माझ्या ताटात बटाटा वाढत होत्या.

"भावजी, जेवा," त्या म्हणाल्या. "त्यांना ठाऊक व्हतं. साहेबांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं व्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढं मोठं मन माझ्या दिगूचं! कसाबसा म्हणालो, "मग मला एका शब्दानं बोलला कसा नाय?"

"मी लई डाव म्हणलं, बोला त्यांच्याशी. तर म्हणायचे, नको. मला ठाऊक हाय हे त्याला कळलं तर दर रविवारी माफी मागायला येऊन बसंल इथं. तीन वर्षं निवांत मिळालीत, ती जाऊ देत सुखानं."