चित्रावरचा तळवा

इंदूमावशी गेल्याचं तिच्या मुलानं फोनवर सांगितलं तेव्हा मी पोळ्या करत होते. "बरं," म्हटलं, आणि तव्यावरची पोळी उलटली. रडू आलं नाही. यायला हवं होतं की काय, तेही ठाऊक नाही...

तेराव्याला मदन महल भागातलं तिचं घर माणसांनी भरलं होतं. बहुतेक तिचे विद्यार्थी. "बहनजी ने पढ़ना सिखाया, तब जाकर हम कुछ बने," असं एकजण उठून बोलला, मग दुसरा. ते खरं आहे. पहिली-दुसरीतली पोरं तिच्या हाताखालून वाचती होऊनच बाहेर पडत. मग तिचा मुलगा माझ्याकडे वळला. "ताई, तू तर घरचीही आणि तिच्या वर्गातलीही. दोन शब्द बोल ना." मी नाही म्हणून मान हलवली आणि ग्लास विसळायला आत निघून गेले. तिथं बोलले नाही ते इथं लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

मावशी आईची चुलत बहीण. रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायची. पण गाव हिंदी मुलखातलं, शाळा हिंदी होती, आणि फाटकातून आत गेलं की ती मावशी नव्हे, बहनजी. पहिल्याच दिवशी मी "मावशी" अशी हाक मारली, तर ऐकूच आलं नाही असं तिनं केलं. वाचन शिकवायची तिची एक रीत होती. पोराला टेबलापाशी उभं करायचं, पुस्तक उघडायचं आणि चित्रावर आपला तळवा ठेवायचा. "तस्वीर नहीं, अक्षर पढ़ो." चित्र बघून पोरं शब्द ठोकून देतात, हे तिला पक्कं माहीत होतं. रीत चांगलीच असेल. माझ्या वेळी मात्र तळवा पडायला जरा उशीर झाला. लांब कान मला आधीच दिसले. खाली लिहिलं होतं खरगोश. मी घाईनं म्हणाले, "ससा."

त्या वर्गात ससा म्हणजे काय, हे दोघींनाच माहीत होतं, मला आणि तिला. ती पोरांकडे वळली. "ससा? ये ससा क्या होता है? किसी को पता है?" वर्ग खदखदून हसला. तीही हसली. मग मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

संध्याकाळी नेहमीसारखी चहाला आली आणि माझा गाल ओढून म्हणाली, "काय गं ससुल्या, रुसून राहिली काय?"

"लेकराला काहून रडवलं गं?" आईनं विचारलं.

"अगं, उद्या सगळे म्हणतील, नात्यातल्या पोरीला सांभाळून राहिली. मला नोकरी करायची आहे तिथं."

कारण मला आज समजतं. समजून काही कमी होत नाही.

त्यानंतर सगळा वर्ग मिळून धडा म्हणायचा, तेव्हा मी नुसते ओठ हलवायची. मनात पटापट वाचत होते. आवाज काढायची वेळ आली की घसा बंद. अशीच चौथी झाली. आता हिला पाचवीत घालू ना, असं आईनं विचारलं, तर बशीत चहा ओतत मावशी म्हणाली, "काहून घालते? तोंड तर उघडत नाही तिचं. स्वयंपाक शिकव." शिकलेली बहीण ती, आईनं ऐकलं. तिची बशी रिकामी व्हायच्या आत माझी शाळा संपली.

शेवटची भेटले तेव्हा तिला नुसत्या सावल्या दिसत होत्या. चाचपडत तिनं पेपर माझ्यापुढे धरला. "वाचून दाखव थोडं."

"चष्मा घरी राहिला," मी म्हणाले. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

"हं... अजून तोंड उघडत नाही तुझं."

तिच्यासमोर बसून मी पहिलं पान मनातल्या मनात सगळं वाचून काढलं, मग पेपर घडी करून तिच्या उशाशी ठेवला. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

परवा माझी नात पिहू पुस्तक घेऊन मांडीवर येऊन बसली. पहिलीत आहे. मराठी थोडीफार कळते, बोलते हिंदीच. तिनं पान उलटलं आणि माझा हात आपोआप उठला, चित्रावर जाऊन बसला. बोटं एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत घेतलेला... अगदी मावशीचा तळवा. लोक तिला पोचवून आले होते, आणि ती इथं माझ्या मनगटात बसून होती.

"आजी, हाथ हटाओ ना, दिखता नहीं."

मी हात काढला. "खरगोश!" अक्षरांकडे न बघताच ती ओरडली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "अब तू पढ़. ज़ोर से."

पलीकडे सून भाजी निवडत होती. तिला ऐकू गेलं असतं. मी चित्रावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "ससा."

सुनेनं वळून बघितलं. पिहू हसली नाही. माझ्या तोंडाकडे बघत तिनं विचारलं, "आजी, ये ससा क्या होता है?"

मी तिला सांगितलं.