एकाहत्तराव्या पानावर

काकांचं स्मारक पुरं होत आलंय. कृष्णाकाठच्या त्यांच्या गावात फाट्यावरच मोठा फलक लागलाय, आणि त्यावर काकांच्या गौरवग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचा संपादक म्हणून माझं नाव आहे. एवढ्या ठळक अक्षरांत माझं नाव आजवर कुणी लिहिलं नव्हतं. शेजाऱ्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला, तेव्हा चष्मा शोधायचं निमित्त करून मी आत गेलो.

मी निवृत्त मास्तर. मलकापुरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. बायको जाऊन चार वर्षं झाली. तिलाही न सांगितलेली एक गोष्ट माझ्यापाशी आहे आणि त्या गोष्टीनं मला फार एकटं पाडलंय. लोक चहाला बोलावतात, काकांच्या आठवणी सांगा म्हणतात. मी सांगतोही, पण त्या चार माणसांत बसून कुणाशीच बोलत नसल्यासारखं वाटतं.

काका म्हणजे इंग्रजांच्या वेळचे भूमिगत पुढारी. त्यांच्या गटानं काही गावांत आपलंच राज्य चालवलं होतं. न्यायनिवाडे केले, गुंडांना वठणीवर आणलं, आणि पोलिसांना खबर देणाऱ्याच्या तळपायांवर काठ्या मारल्या. ते पंच्याऐंशीचे झाले तेव्हा त्यांच्या मुलानं गौरवग्रंथ काढायचं ठरवलं. काका सांगायचे, मी वहीत उतरवून घ्यायचो. स्वतःचे पराक्रम सांगताना मात्र त्यांना जांभया यायच्या.

"ह्ये समद्यास्नी ठावं हाय, मास्तर," ते एकदा म्हणाले. "ज्ये कुनाला ठावं न्हाई त्ये लिवा."

गावात एक मेंढपाळ होता. तो पोलीस चौकीतून बाहेर पडताना कुणीतरी पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी धाड पडून काकांचे दोन साथीदार पकडले गेले. काकांनी त्याला आंब्याखाली आणवलं आणि काठी स्वतः हातात घेतली. वर्षभरानं कळलं की खबर भलत्यानंच दिली होती. मेंढपाळ चौकीवर गेला होता तो चोरीला गेलेल्या मेंढरांची वर्दी द्यायला. त्याला पुन्हा कळपामागं धड चालता आलं नाही. होती ती मेंढरं विकली.

"मला कळलं तवाच चावडीवर उभं ऱ्हाऊन सांगायला पायजे हुतं," काका म्हणाले. "न्हाई सांगितलं. तवर मी मोठा झालो हुतो न्हवं."

मेंढपाळाच्या घराला गाव अजून फितुराचं घर म्हणतं. कालपरवाची पोरंसुद्धा फितुराच्या घरापासनं डावीकडं वळा, असा पत्ता सांगतात. त्यांच्या मनात वाकडं काही नसतं. खरं तर त्यांना ते का म्हणतात हेही ठाऊक नसतं.

काकांनी मेंढपाळाचं आणि त्याच्या बापाचं नाव घालून सगळा मजकूर सांगितला. मुलानं तो वाचला आणि म्हणाला, "सर, झाकली मूठ सव्वा लाखाची. हे काढा." मी काढला. माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. ग्रंथाचा सूर बिघडतो, असं मीच मला पटवलं. मराठीच्या मास्तराला अशी कारणं चटकन सुचतात.

पुस्तक छापून आलं तोवर काकांची नजर गेली होती. "त्ये आलंय न्हवं? वाचा बरं," ते म्हणाले. काढलंय म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी "पान एकाहत्तर" म्हणालो आणि ते पान उघडलं. त्यावर काकांचा शाल स्वीकारतानाचा फोटो होता. त्या फोटोकडं बघत मी गाळलेला मजकूर नावांसकट म्हणून दाखवला. त्यांनी परत वाचायला लावला, मी परत वाचला. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी माझ्या दिशेनं हात जोडले. माझी मान शरमेनं खाली गेली, पण ती त्यांना दिसणार नव्हती. पंधरा दिवसांत ते गेले. समाधानानं गेले, असं सगळे म्हणाले.

हे सारं माझ्याबरोबरच संपेल अशी माझी समजूत होती. फलक लागल्यावर आठवड्यानं दारात एक म्हातारी उभी राहिली. ऐंशीला टेकलेली, हातात तासगावच्या बेदाण्याच्या दुकानाची पिशवी, पिशवीत ते पुस्तक. ती मेंढपाळाची लेक होती. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं.

"काकांनी मरायच्या आदी ह्ये धाडलं हुतं," ती म्हणाली. "एकाहत्तर पान बघ, तुझ्या बाचं सांगून टाकलंय, असा निरोप हुता. आवं, त्या पानावर नुसता फोटू. मी चौथी शिकलीया गुरुजी, पयल्यापासनं शेवटापातूर दोनदा वाचलं. म्हटलं, म्हातारा मरताना बी खोटं बोलला. लय शिव्या दिल्या त्याला. पुस्तकात तुमचं नाव न्हवतं, आता फलकावर कळलं. तुमी सांगा, कुठल्या पानावर हाय?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं पुढ्यातला पाण्याचा तांब्या बाजूला सारला.

"म्हंजी त्यो न्हाई. तुमी खोटं बोलला."

"हो, मावशी."

"माझा भाऊ त्याच घरात ऱ्हातोय," ती म्हणाली. "नव्या पुस्तकात घाला. बाचं नाव घालून. मी डोळं मिटायच्या आदी छापल्यालं बघू द्या."

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या मुलाकडं गेलो. त्यानं चहा पाजला. "शेवटी शेवटी वडिलांना भ्रम व्हायचा, सर," तो म्हणाला. "तुमच्याकडं ती वही आहे का?" वही मीच त्याच्या हातात दिली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्यामागं भिंतीला टेकून काकांचा पुतळा उभा होता, कापडात गुंडाळलेला. चूक बोलून दाखवायला तळमळणारे काका त्यात नव्हते. ते आता एकट्या माझ्या ओळखीचे उरलेत, आणि मला त्यांची इतकी आठवण येते की कधी कधी मोठ्यानं रडावंसं वाटतं. संपादक म्हणून माझं नाव काढा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. तेही म्हणालो नाही.

म्हणून एका दिवाळी अंकासाठी हे लिहिलंय. पण कोर्टकचेरी होईल, या वयात कोण निस्तरणार, ही कारणंही मलाच सुचली. त्यामुळं इथं गावाचं नाव नाही, काकांचं नाही आणि मेंढपाळाचंही नाही.

काल म्हातारीचा फोन आला. छापायला देतोय, दिवाळीत येईल, असं मी सांगितलं.

"बाचं नाव हाय न्हवं त्यात?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणालो.