उलटी कुयरी

मी न्हाणीघरात पडले आणि मांडीचं हाड मोडलं. आता आत लोखंड घातलंय. डॉक्टर म्हणाले, उठवायला-बसवायला घरात माणूस पाहिजे. माणूस आणायचं कुठनं? मुलगा तंबाखूचा टेम्पो चालवतो, लिलाव चालू झाले की त्याचा मुक्काम पिरियापट्टणला. राहिली सून.

सून कुवेंपुनगरला एका बाईंकडे साड्यांची डिझाइनं काढते. बाई पुण्याकडच्या, इथं कानडी मुलखात येऊन त्यांनी घराच्या खालच्या खोल्यांत ऑफिस केलंय. तिथला कंप्यूटर मी एकदा बघून आले होते. ह्या अंगाला जुन्या साडीचा फोटो, मधे सुनेचं चित्र, त्या अंगाला रंगांच्या चौकटी. नुसती मान हलवली की सगळं दिसतंय. मला आमचं अंगण आठवलं.

आम्ही रंगारी. अग्रहार भागात आमचं अंगण होतं, एका कडेला रंगाची चूल, मधे ठसे मारायचं लांब मेज, पलीकडे दोरीवर कापडं. मेजाशी उभी राहून मी सगळ्यावर नजर ठेवायची, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. मग गिरणीचं छापील कापड आलं, काम बसलं. त्यातच हे गेले. अंगण सोडून पोराला घेऊन एका खोलीत आले. तिथं मेज मांडलं की चुलीला जागा नाही, चूल पेटवली की मेज भिंतीला उभं. एक आवरायचं, मग दुसरं मांडायचं. काम तेच, पण जीव दुप्पट जायचा. रडून काय होतंय? केलं. पोरगा त्याच खोलीत मोठा झाला.

तर मी पडल्यावर बाईंनी सुनेला टॅब दिला, म्हणाल्या घरून कर. पाटीएवढी वस्तू, वर लिहायला पेन. माझ्या खाटेशेजारी बसून सून काम करायला लागली. पण तो टॅब म्हणजे आमची ती खोलीच. फोटो उघडला की चित्र झाकलं, चित्र उघडलं की फोटो गेला. अर्धा-अर्धा पडदा केला तर दोन्ही सुपारीएवढे, बोट लावेल तिथं भलतंच उघडायचं. त्यात बाईंचा फोन आला की सगळंच मागं पडायचं. ऑफिसात सकाळी होणारं काम इथं दिवेलागणीपर्यंत लोंबायला लागलं.

एका दुपारी बाईंचा फोन आला तेव्हा सून चपात्या लाटत होती, म्हणून फोन मोठ्यानं लावला होता. मी सगळं ऐकलं.

"हे बघ, तुझा हात चांगला आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. पण माझी गिऱ्हाइकं थांबत नाहीत. ही एक किनार शनिवारपर्यंत दे. नाही जमली तर सोमवारपासून ऑफिसला ये, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

"देते, मॅडम," सून म्हणाली आणि लाटणं तसंच धरून बसली.

मी म्हटलं, "तू जा गे ऑफिसला. मी सुम्ने, गुमान पडून राहते. मला काय होतंय?"

"काय होतंय? मागच्या वेळी पण तुम्ही सुम्नेच न्हाणीघरात गेला होता, अल्वा, हो ना आत्याबाई?"

पण माझ्यापायी तिचं काम जाणार, हे काही गिळवेना. हाड मोडलं तेव्हा एवढं दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, तो फोटो दाखव. कुणाच्या तरी आजीची साडी होती, विटलेली. किनारीला कुयऱ्या, कुयरीच्या पोटात जाळी, पाठीवर बारीक ठिपके. बघितलं आणि ओळखलं. आमच्या गल्लीतलाच छाप. म्हटलं, "माझी ट्रंक उघड. खाली, धोतरात गुंडाळलेलं."

तिनं ठसा काढला. सागवानी, रंग पिऊन काळा झालेला, पण एक रेघ तुटली नव्हती. तो तिनं खाटेसमोरच्या मेजावर ठेवला, शेजारी टॅब. आता फोटो उघडायची गरजच नाही, सगळा पडदा चित्राला. सुनेचा हात असा चालला की चहा गार झाला तरी बघितला नाही. मधनंच विचारायची, "आत्याबाई, बघा, जमतंय का?" मी ठशाकडं बघायची, चित्राकडं बघायची. "अगदी तस्संच," म्हणायची.

शुक्रवारी तिनं चित्र पाठवलं. शनिवारी सकाळी फोन.

"अगं, सगळ्या कुयऱ्या उलट्या आहेत. फोटोत शेंडे उजवीकडे वळलेत, तुझे डावीकडे. माझ्या स्क्रीनवर दोन्ही शेजारी ठेवले आणि लगेच दिसलं. तू फोटो बघितलाच नाहीस का?"

सून माझ्याकडं बघायला लागली, मी ठशाकडं. लाकडात उलटं कोरलेलं असतं, म्हणून कापडावर सुलटं उठतं. पाळण्यातलं पोरसुद्धा आमच्यात हे शिकूनच उठायचं. पण ठसा मी कायम ठसा म्हणूनच बघितलेला, त्याच्यावरनं कुणी चित्र काढेल असं कधी झालंच नव्हतं. म्हटलं, "गेलं. आता सगळं परत काढायचं."

"बेड, काढायला नको, आत्याबाई. बघा आता."

तिनं टॅबवर एक बोट ठेवलं. अख्खी किनार कूस बदलावी तशी वळली. शेंडे उजवीकडे.

मी म्हटलं, "परत कर." तिनं केलं. "अजून एकदा." आमच्यात ठसा उलटा कोरला गेला तर लाकूड चुलीत जायचं आणि कोरणारा दोन दिवस तोंड दाखवायचा नाही.

चित्र परत गेलं. जेवणं होईपर्यंत बाईंचा फोन आला. ह्या वेळी सुनेनं मुद्दाम मोठ्यानं लावला.

"रेघ सुंदर आलीय गं. इथं माउसनं काढायचीस तेव्हा एवढी जिवंत यायची नाही. असं करू, तू घरून काढत जा. फोटोशी ताडून बघायचं काम मी इथं मोठ्या स्क्रीनवर करीन. आणि सासूबाईंना विचार, असे ठसे अजून आहेत का?"

"विचारायला कशाला पाहिजे?" मी खाटेवरनंच म्हटलं. "ट्रंकभर आहेत."

बाई हसल्या. सून हसली नाही, पदरानं तोंड पुसून आत भांडी घासायला गेली. स्वल्प वेळ नळ नुसताच वाहत होता.

आता सकाळची कॉफी झाली की मी वॉकर धरून मेजापर्यंत जाते. ठसा तसाच हातात देत नाही. बशीत हळदीचं दाट पाणी करते, चिंधीवर ओतते, ठसा त्यावर टेकवते आणि कागदावर उठवून देते. मेजाशी उभं राहायला लागतंय, बसून दाब येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, उभं राहायची सवय करा. काल तीन कागद उभ्यानंच उठवले. सून टॅबवरनं मान वर न काढता म्हणाली, "आत्याबाई, दमलात तर बसा."

म्हटलं, "तू तुझं बघ. पुढची किनार मोराची आहे."