आवाज काढून दाखव

"गाडी मुकी झाली, बाय. चावी फिरवली तरी हूं नाय की चूं नाय," बाबांनी फोनवर सांगितलं आणि नेहमीप्रमाणे फोन लगेच आईकडे दिला. आई म्हणाली, रविवारी येऊन बघून जा, दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नाही. सगळ्या आळीच्या विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त केलेला माणूस एका जुन्या गाडीसाठी मला बोलावतोय, याचं मला तेव्हा नवलही वाटलं नाही. आता आठवलं की माझाच राग येतो.

नायगावच्या आमच्या इमारतीतून वसईच्या वाडीत पोचायला मला अर्धा तास लागतो. ती थंडीची सकाळ होती आणि केळींमध्ये धुकं अजून रेंगाळत होतं. वाडीत शिरलं की मला नेहमीच झापड येते. लहानपणी दुपारी विहिरीवरची मोटर चालू असायची, पाटातून पाणी केळींच्या बुंध्याशी जायचं आणि त्या संथ घूंघूंमध्ये मी ओट्यावर झोपून जायचे. मोटर बंद झाली की मला जाग यायची. जागेपणी आणि झोपेत, दोन्हीकडे तोच एक आवाज असायचा.

कुणाची मोटर बिघडली की बाबांना बोलावणं यायचं आणि मी त्यांच्या मागे मागे जायचे. ते आधी पान्याला हात लावत नसत. डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून उभे राहत. मग मला विचारत, "काय आयकलं? काढून दाखव." मी ओठ आवळून मोटर व्हायचे. "तशी नाय. मध्ये दम लागतो बघ तिला." मग मी दम लागलेली मोटर व्हायचे. बेअरिंग गेलेली, हवा धरलेली, उगाच कुरकुरणारी, अशा सगळ्या मला तोंडपाठ होत्या. पाढ्यांचं मात्र विचारू नका.

बाबा आमच्या विहिरीवरच्या मोटरीचा आवाज इतका हुबेहूब काढायचे की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "एवढ्यात मोटर कशाला लावली?" ती मोटर काढून बरीच वर्षं झाली. आता पाण्यात बुडवलेला पंप आहे आणि तो चालू आहे की बंद, हे काठावर उभं राहूनही कळत नाही.

गाडी चिकूखाली उभी होती. मी आत बसले, गाडी न्यूट्रलला असल्याची खात्री केली आणि चावी फिरवली.

टक.

चांगला खणखणीत आवाज. पुन्हा फिरवली, पुन्हा एकच टक. समोरचे दिवे लख्ख. माझं डोकं फिरायला एवढं पुरतं. मी खिडकीतून ओरडले, "मुकी कुठेय बाबा? चांगली टक करतेय! फोनवर नीट सांगायला काय होतं?"

बाबा खिडकीशी आले. "कसं? काढून दाखव."

मला हसू आलं. म्हातारपणीही मास्तरकी सुटत नाही, असं वाटलं. मी म्हटलं, "टक."

"परत."

"टक."

त्यांची मान तिरकी नव्हती. डोळे मिटलेले नव्हते. ते टक लावून माझ्या ओठांकडे बघत होते.

मला एकेक गोष्ट आठवत गेली. गेलं वर्षभर घर डोक्यावर घेणारा टीव्ही, लगेच आईकडे जाणारा फोन, मागून हाक मारली की न वळणारी पाठ. "सोयीचं तेवढंच ऐकू येतं यांना," असं मीच चारचौघांत म्हणाले होते आणि सगळे हसले होते. दारात आई ओले हात पदराला पुसत उभी होती. तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. बोलू नकोस. म्हणजे तिला माहीत होतं. मला भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त रडू आलं.

मी उतरून त्यांच्या समोर उभी राहिले आणि एक बोट वर केलं. "एकदाच, बाबा. दिवे लख्ख आहेत."

"मग बॅटरी नाय," ते लगेच म्हणाले. त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला. "बॅटरी उतरली असती तर लागोपाठ टकटकली असती, दिवे मंद झाले असते. स्टार्टर अडकला." त्यांनी आईला गाडीत बसवलं. "मी हात वर केला की चावी फिरव." बॉनेट उघडून ते वाकले, पान्याच्या मागच्या बाजूने स्टार्टरवर दोन-चार बेताचे ठोके घातले आणि हात वर केला.

इंजिन एका दमात सुरू झालं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, झालं की नाही ते विचारत.

मी त्यांचा तळहात धरून मडगार्डवर ठेवला. ते थबकले. मग त्यांचे डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी मान तिरकी झाली. चिकूची पानं हलत होती, धुकं विरत होतं, आणि मला कुठे जायचीच घाई नव्हती. बऱ्याच वेळाने मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने विचारलं, "काय ऐकलं? काढून दाखवा."

बाबांनी ओठ आवळले.

तो गाडीचा आवाज नव्हता. ती आमच्या विहिरीवरची मोटर होती, कुठेही दम न लागणारी, माझ्या दुपारच्या झोपेतली. गाडीत बसलेल्या आईने दचकून विहिरीकडे पाहिलं.

बाबांनी डोळे उघडले. "बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.