आबांची जीप आणि आमचं एकुलतं एक बाथरूम

माझ्या सासऱ्यांना मी एकदा अख्खी दुपार आमच्याच घरातल्या बाथरूममध्ये जाऊ दिलं नाही.

आता तुम्ही काही म्हणायच्या आत सांगते, मी वाईट सून नाही. मी फक्त गाड्या बनवते. खऱ्या नव्हे हो, तळहातावर मावणाऱ्या! खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. ऑफिसातून आल्यावर बाकीच्या बायका मालिका बघतात, मी चिमट्यानं स्टिअरिंग बसवते. (डोळ्यांतून पाणी दोन्हीकडे येतं. माझ्याकडे ते गोंदाच्या वासानं येतं.)

माझ्या या छंदाचं घरात कोणाला कौतुक नाही. नवरा, म्हणजे नितीन, निदान गप्प बसतो. पण आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मागच्या खेपेला माझी लाडकी लाल गाडी उचलली, तोंडानं 'घुर्रर्र' करत टेबलावरून पळवली, आणि चाक निखळल्यावर म्हणाले, "खेळनं झ्याक हाय सूनबाई, पन कच्चं हाय." त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाच्या तोंडून एकदा तरी शाबासकी काढायचीच!

म्हणून आबांच्या पंचाहत्तरीला मी त्यांची जीप करायला घेतली. आबा साताऱ्याकडचे. आयुष्यभर त्यांनी गाव ते सातारा वडाप चालवली. वडाप म्हणजे सीटं भरल्याशिवाय न सुटणारी जीप. (आणि भरल्यावरही वाटेत आणखी माणसं कोंबणारी.) दर दसऱ्याला तिची पूजा, झेंडूचा हार, नारळ. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती विकावी लागली, तेव्हा ते तीन दिवस धड जेवले नव्हते, असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात.

जीपचा फोटो एकच होता, तोही आमच्या लग्नातला. फुलांनी सजवलेली निळी जीप, आणि डाव्या मडगार्डला टेकून फेट्यातले आबा. मी स्वतः त्याच जीपमधून नांदायला आले होते, पण शालू सांभाळायचा, रडायचं, त्यात गाडी कोण बघतो! मग त्या फोटोवरून मोजून मापून मी सगळं केलं. मागची शिडी, टपावरचा कॅरियर, काचेवरची 'आईची कृपा'. खोक्यातल्या प्लास्टिकला नेमका डाव्या मडगार्डवर एक खळगा होता. कारखान्यातच कोणाचं तरी बोट लागलं असणार. तो पुट्टीनं भरून, घासून, पुन्हा भरून, पुन्हा घासून गुळगुळीत करण्यात माझे कित्येक रविवार गेले.

राहिला होता शेवटचा हात, निळ्या इनॅमलचा. आणि तो वाळवायचा म्हणजे नेरुळमध्ये युद्धच. आमच्या बिल्डिंगसमोर जुनी सोसायटी पाडून टॉवर बांधतायत. खिडकी उघडली की चहात सिमेंट! ओल्या रंगावर ती धूळ बसली तर गाडीला घामोळं आल्यासारखं दिसतं. त्यावर आम्हा गाड्या बनवणाऱ्यांचा एक हुकमी उपाय आहे. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ करायची. सगळी धूळ खाली बसते. मग गाडी आत ठेवायची आणि दार लावून घ्यायचं.

आमचं घर वन बीएचके. संडास-बाथरूम एकत्र, आणि एकच. आत सपाट, कोरडी जागाही एकच, ती म्हणजे कमोडचं झाकण. ठेवली तिथंच! ज्या जीपला आबांनी जन्मभर हार घातले, ती कमोडवर. पण आबा-आई येणार होते संध्याकाळी, रंग वाळणार होता संध्याकाळच्या आत, आणि तोवर मी आणि नितीन कळ काढणार होतो. दाराला कुलूप लावून किल्ली मी कुर्त्याच्या खिशात टाकली.

जेवणं होतायत तोच बेल वाजली. दारात आबा आणि आई!

"घेवड्याचा टेंपो तुर्भ्याला मार्केटला निघालता," आबा घाईनं चपला काढत म्हणाले. "म्हनलं एसटीची वाट कशाला बगा? आलो बसून. व्हा बाजूला, हातपाय धुतो."

हातपाय धुतो! साताऱ्याचा माणूस लांबून आला की आधी हातपाय धुतो, मग पाण्याला शिवतो. आणि सासरा सुनेला 'हातपाय धुतो' म्हणतो तेव्हा त्यात आणखी काय काय आलं, ते सून न विचारता ओळखते. टेंपोत एवढा वेळ बसलेला, साखर असलेला माणूस!

"पाणी गेलंय, आबा!" नितीन झटक्यात म्हणाला. (नवरा पहिल्यांदाच माझ्या छंदासाठी खोटं बोलत होता. मला भरून आलं.)

तेवढ्यात किचनमधून धबाधबा आवाज आला. आईंनी नळ सोडून तांब्या भरायला घेतला होता.

"हे काय, चांगलं धार लागलीया की," आई म्हणाल्या.

"किचनमध्ये आहे," मी घाम पुसत म्हटलं. "बाथरूमचा पाइप फुटलाय."

"फुटलाय?" आबांचे डोळे चमकले. जन्मभर गाडीखाली झोपून स्वतःची जीप स्वतः दुरुस्त केलेला माणूस तो! "पाना आन. म्या बगतो."

"नको आबा! प्लंबर येतोय."

"प्लंबर येईस्तवर पानी वाया जाईल. उघड दार."

"दार पण बिघडलंय," नितीन म्हणाला.

"पाइप फुटलाय आन दार बी बिघडलंय?" आबांनी लेकाकडं बघितलं. "घर घेतलंस का भंगार?"

आबा सोफ्यावर बसले. मग उठले. मग गॅलरीत गेले, पण समोरच्या बांधकामावर पाण्याचा टँकर मोकळा होत होता, त्याचा खळखळाट ऐकून लगेच परत आले. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. एकादशी, संकष्टी, सगळं मोठ्यानं. मी आईंना हाताला धरून किचनमध्ये नेलं आणि हळू आवाजात म्हटलं, "आई, थोडा वेळ कळ काढायला सांगा ना."

"अगं बाई, त्यांना साखर हाय! कळ काडायला ते काय तुज्यावानी तरनं हायत का?"

सांगून टाकावं का? ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर पंचाहत्तरीची सगळी गंमत गेली, आणि जीप कुठं ठेवलीय तेही सांगावं लागणार. तुमची लक्ष्मी संडासावर बसवलीय, हे सासऱ्यांना कसं सांगायचं, तुम्हीच सांगा!

एवढ्यात पाइप फुटल्याचं भिंतीपलीकडून ऐकून शेजारच्या मावशी आल्या. या मूळच्या सारसोळ्याच्या, कोळीवाड्यातल्या. आवाज असा, की आमच्या घरात बोलल्या तरी खाली वॉचमन मान वर करतो.

"काय गो वैशाली, कं झाला? पाइप फुटला? मंग पाव्हन्यांना उभा कनाला केलाय? चला आबा, आमचे घरा चला, आपलाच घर हाय!"

देवासारखी बाई! मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आबा ताठ झाले. "न्हाय न्हाय. पहिल्यांदा कुनाच्या घरी जायाचं तर चहाला जावं. ह्यासाठी जायाचं व्हय?"

"अवो, मंग चा पन करते!"

"नको."

मान म्हणजे मान. चेहरा घामानं डबडबलाय, पण मान! मावशी हळहळल्या आणि मदत म्हणून त्यांनी जिन्यात उभं राहून खाली हाक मारली, "अवो सेक्रेटरी! वैशालीचा पाइप फुटलाय! पानी नुस्ता भरलाय!" पाणी भरल्याचं त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे.

आमचे सेक्रेटरी शिर्के काका बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचं छत गेली कित्येक वर्षं गळतंय, आणि ते आमच्यामुळेच गळतंय असा त्यांना ठाम संशय आहे. ते दोन दोन पायऱ्या गाळत वर आले. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू त्यांचीच पंचाहत्तरी आहे.

"सापडलं! आज सापडलं लीकेज! दर मीटिंगला मी काय बोलत होतो? पहिले मेन वॉल्व बंद करा रे!"

वॉचमननं टाकीचा वॉल्व बंद केला. पूर्ण विंगचं पाणी गेलं! वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ डोक्याला शाम्पूचा फेस घेऊन जिन्यात आले. "काय टेन्शन आहे राव, कोणी बंद केलं पाणी?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"दार तोडावं लागेल," शिर्के काका म्हणाले. "वॉचमन, पहार आण."

पहार! माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. दार आत कोसळतंय, दाराखाली कमोड, कमोडवर जीप. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "कोणी दाराला हात लावायचा नाही!"

"पण का?"

"नाही म्हणजे नाही!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत मी नक्की काय लपवलंय, याचा जो तो आपापल्या परीनं अंदाज बांधत होता, हे मला दिसत होतं. नितीन पंख्याकडे बघत होता. आणि मग त्या गर्दीतून आबा पुढं आले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "आता न्हाय थांबवत गं."

संपलं. मला स्वतःचीच लाज वाटली. खड्ड्यात गेली ती गाडी! मी खिशातून किल्ली काढली.

"किल्ली व्हती?" आई ओरडल्या.

"किल्ली होती?" शिर्के काका ओरडले.

आबा आत गेले, दार लागलं.

झाकण उघडायचं म्हणजे आधी जीप उचलायची, आणि रंग अजून ओला! मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ झाला. आणखी बराच वेळ झाला. आईंनी दार वाजवलं. "अवो, बरं हाय ना?"

त्यांनी पुन्हा वाजवलं, जोरात.

"पहार आणू?" वॉचमननं विचारलं.

कडी वाजली. आबा बाहेर आले. दोन्ही हातांत जीप. डोळे भरलेले, बोटं निळी, आणि डाव्या मडगार्डवर, माझ्या त्या गुळगुळीत, आरशासारख्या मडगार्डवर, ओल्या रंगात रुतलेला त्यांचा अख्खा अंगठा!

"आबा, तो रंग..." मी पुढं झाले.

"काचेवर 'आईची कृपा' बी हाय," आबा आईंना म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तू केलीस? हातानं?" मी मान हलवली. "हिला जागा मातुर झ्याक दिलीस!"

मी जमिनीत गेले. तोच त्यांची नजर मडगार्डवर गेली. त्यांनी जीप डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"उचलली तवा सारकं वाटत व्हतं, कायतरी चुकतंय. पोचा नव्हता. ह्यो बग, आता आला. बराबर जागेवर!"

"कसला पोचा?"

"हा नितीन व्हायच्या वक्ताला तुज्या सासूला घेऊन साताऱ्याला निगालो, घाईत बाभळीला घासली गाडी. त्या दिसाचा पोचा. कधी काडू दिला न्हाय कुनाला. दोगं एकाच दिवशी आले, ह्यो आन पोचा." मग लेकाकडं बघून म्हणाले, "पोच्यानं कधी तरास दिला न्हाय."

अख्खा जिना हसला. शाम्पूवालेसुद्धा! लग्नाच्या फोटोत आबा मडगार्डला टेकून का उभे होते, ते मला तेव्हा कळलं, आणि त्यांच्या मागे झाकलेला पोचा मला फोटोत का दिसला नाही, तेही. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झ्याक केलीस पोरी." माझ्या केसांना लागलेला तो निळा रंग मी दोन दिवस धुतला नाही.

जीप आता गावी टीव्हीशेजारी असते. आल्यागेल्याला आबा ती दाखवतात. "सूनबाईनं केली, समदी हातानं," म्हणतात, आणि मग मडगार्डवर बोट ठेवून, "येवडं सोडून."

तो पोचा खोक्यातूनच, बरोब्बर त्याच जागी, आयता आला होता आणि मीच तो घासून घासून घालवला होता, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. एवढ्या वर्षांत सासऱ्यांची एकदा शाबासकी मिळाली, ती पण कशाला घासून घालवू!